अकलेचाही हिशोब ठेवू या

आम्ही डोणगावच्या बाया बोलतो आहोत. तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. एका बचत गटातल्या आम्ही अकरा जणी. माईकसमोर एकच जण बसली आहे, पण काय बोलायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. एका गोष्टीवर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तिथे आलो की तसं सांगू.

रेडिओच्या ताईंनी आम्हाला कागदावर विषय लिहून दिला : 'ज्ञानाधारित अर्थव्यवस्थेत नवकल्पनांचं व्यवस्थापन'. आमच्यातल्या मावशीनं तो ऐकला आणि म्हणाली, "माय वं, हे कोणाले समजीन?" मग ताईंनी समजावून सांगितलं आणि आमच्या लक्षात आलं की यातलं बरंचसं आम्ही करतो आहोत, फक्त त्याला एवढं मोठं नाव आहे हे माहीत नव्हतं. आणि जिथे करायला पाहिजे होतं तिथे केलं नाही, त्याचा फटकाही बसला आहे. तोच अनुभव आज सांगतो.

आधी शब्दाचा अर्थ. पीटर ड्रकर नावाचे व्यवस्थापनशास्त्राचे एक अभ्यासक होऊन गेले. त्यांच्या १९६९ सालच्या एका पुस्तकामुळे 'ज्ञानाची अर्थव्यवस्था' हा शब्द जगभर झाला. म्हणणं साधं आहे. पूर्वी धंद्यात जमीन, मजुरी आणि पैसा यांना किंमत होती. आता काय कसं करायचं हे कळण्याला जास्त किंमत आली. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्वारी सगळ्यांच्या शेतात तीच, ऊन सगळ्यांच्या गच्चीवर तेच. तरी एकीचे धापोडे लोक घर विचारत येऊन नेतात आणि दुसरीचे डब्यात पडून राहतात. मधला फरक म्हणजे ज्ञान. ते तिच्या हातात असतं, तिच्या जिभेवर असतं, आणि बहुतेक वेळा फक्त तिच्याच डोक्यात असतं. घोटाळा इथूनच सुरू होतो.

तुमचा गट उमेदचा असो की माविमचा, पंचसूत्री तुम्हाला पाठ असेल. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब. दहा रुपये आले तरी आपण लिहितो. सही घेतो, अंगठा घेतो. पण गटातल्या एखादीला काही नवीन सुचलं, तिनं ते करून पाहिलं, ते जमलं किंवा बिघडलं, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते. पैशाचा हिशोब आहे, अकलेचा नाही. आमच्या वहीतही नव्हता.

आमचं गाव नागपूर-संभाजीनगरच्या जुन्या रस्त्यावर. आमच्यातल्या एकीच्या घरचं या रस्त्यावर चहाचं हॉटेल आहे. ट्रॅव्हल्स थांबायच्या, ट्रक थांबायचे. हॉटेलच्या एका बाजूला टेबल मांडून आम्ही धापोडे, मूगवड्या, कुरडया, लोणचं विकायचो. मोठा धंदा नव्हता, पण पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून निघायचा. मग ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. रस्ता चांगला झाला, लोकांचे तास वाचले, त्याबद्दल तक्रार नाही. पण लांबच्या गाड्या तिकडून जायला लागल्या आणि आमच्या टेबलासमोर थांबणारं कोणी राहिलं नाही. तोच माल, तीच चव, तोच भाव. आमचं काही चुकलं नव्हतं आणि धंदा बसला.

मग तालुक्याच्या दुकानांत माल ठेवायला गेलो. तिथे आणखी चार गटांचे धापोडे आधीच होते. दुकानदार म्हणाला, "बाई, यांच्यात आन तुमच्यात फरक काय, ते सांगा." उत्तर आलं नाही. शिवाय धापोडा मोठा, पातळ. मोटरसायकलवर पिशवी लटकवून नेली की निम्मे मोडायचे. मोडलेला धापोडा कोण विकत घेणार? ते तुकडे घरी यायचे आणि पोरं शेंगदाणे, कांदा घालून खायची.

ते खाताना आमच्यातल्या सगळ्यात लहान बाईला, तिला आम्ही धाकटीच म्हणतो, एक गोष्ट दिसली. पोरं अख्खा धापोडा टाकून तुकडेच उचलत होती. ती म्हणाली, "आपण तुकडेच काऊन नाई विकत? शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता घालून चिवडा करू." आम्ही हसलो. मोडका माल विकायचा म्हणजे गावात नाव खराब. पण तोपर्यंत पोतंभर तुकडे साचले होते, म्हणून म्हटलं, कर.

इथे थोडं थांबून मुंबईची एक गोष्ट सांगतो. तुम्ही अर्धी ऐकली असेल. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या. भांडवल उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटं पापड झाले. तेच पुढे लिज्जत झालं. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. एवढं सगळे सांगतात. पण आम्हाला जास्त आवडलेला भाग वेगळा आहे.

पहिल्या वर्षी पाऊस लागला आणि पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली, एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. झालं काम. त्या खाटेचं पेटंट कोणी घेतलं नाही, पेपरात फोटो आला नाही. पण चार महिन्यांची बंद पडलेली मजुरी चालू झाली. नवकल्पना म्हटलं की आपल्याला मोबाइल, संगणक, रॉकेट असलं काही आठवतं. खाट आणि स्टोव्ह हीसुद्धा नवकल्पनाच आहे.

त्या बायांनी सुरुवातीला दोन प्रकारचे पापड केले होते, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तातला. ज्यांनी त्यांना पैसे उसने दिले होते त्या छगनबापांनी सांगितलं, एकाच दर्जाचा करा, दर्जा कधी उतरवू नका. त्यांनी ऐकलं. म्हणजे नवीन सुचलेलं सगळंच ठेवायचं नसतं. काय सोडायचं हेही ठरवावं लागतं.

आणि तिसरी गोष्ट पीठ. लिज्जतमध्ये पीठ केंद्रात मळलं जातं. भगिनी मळलेलं पीठ घरी नेतात, पापड लाटून, वाळवून आणून देतात. लाटणं हजारो घरांत चालतं, पण चव ज्या पिठात आहे ते पीठ एका जागी तयार होतं. हे आम्ही वाचलं तेव्हा नुसतं 'वा' म्हणून सोडून दिलं होतं. ते आमच्या किती कामाचं आहे हे खूप नंतर कळलं. ते पुढे सांगतो.

तर धापोड्याचा चिवडा. पहिली खेप तेलात तळली, झकास लागली. तिसऱ्या आठवड्यात दुकानदाराचा फोन, "खवट वास येतो, माल घेऊन जा." दुसऱ्या खेपेला आम्ही तेल बदललं, मसाला बदलला, पिशवीही जाड घेतली. यावेळी माल टिकला, पण फार तिखट झाला. आता टिकला तो तेलामुळे की पिशवीमुळे? कोणालाच सांगता येईना. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर कळणार कसं? तेव्हा धाकटीनं नियम केला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच ठेवायचं.

आम्ही शंभर पानी वही आणली. वर लिहिलं 'करून पाहण्याची वही'. तारीख, काय बदललं, किती घेतलं, हवा कशी होती, कोणी चाखलं, काय झालं. आणि चार-चार पाकिटं भरून फळीवर ठेवायची. पाकिटावर तारीख टाकायची, दर आठवड्याला एक फोडायचं, वास घ्यायचा, खायचं, लिहायचं. अशानं कळलं की तुकडे तळण्याऐवजी कढईत जाड मिठात भाजले तर तेल लागत नाही आणि खवटपणा येत नाही. मेणबत्तीवर चिकटवलेल्या पिशवीत हवा शिरते हेही कळलं, मग सीलिंग मशीन घेतलं. मिठात भाजणं काही आमचा शोध नाही. मावशीच्या सासूबाई पापड तसेच भाजायच्या. मावशीनं चाळीस वर्षांत ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं. "कोणी इचारलंच नाई," म्हणाली.

प्रयोगाला पैसे कुठून आणायचे यावर दोन बैठका भांडणात गेल्या. शेवटी ठरलं, नफ्यातल्या दर शंभर रुपयांतले दहा वेगळ्या डब्यात टाकायचे. हे पैसे बुडाले तरी कोणी कोणाला बोलायचं नाही. डब्यातले संपले तर प्रयोग बंद, बचतीला हात लावायचा नाही. एवढा नियम असला की घाबरणारी बाई शांत राहते आणि करणारीला मोकळीक मिळते. मोठ्या कंपन्यांत याला संशोधनाचं अंदाजपत्रक म्हणतात. आमचा बोर्नव्हिटाचा डबा आहे.

आता जे सांगायला जड जातं ते.

जिल्ह्याच्या ठिकाणी बचत गटांचं प्रदर्शन होतं. आमचा चिवडा पहिल्याच दिवशी संपला. एक साहेब आले, चाखून म्हणाले, "छान आहे, कोणाची कल्पना?" आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "आमच्या गटाची." खोटं काही नव्हतं. अध्यक्ष आणि सचिव दोघींनी हातात पाकिटं धरून फोटो काढला, तो पेपरात आला. धाकटी तेव्हा मागे खाली बसून पाकिटं भरत होती. कोणी तिला हाक मारली नाही. आम्ही अकरा जणी तिथे होतो आणि एकीच्याही तोंडून तिचं नाव निघालं नाही.

पुढच्या बैठकीला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. निरोप पाठवला तर "कामं हाय" म्हणाली. आम्ही म्हटलं, रुसली असेल, येईल. तिच्याशिवाय चिवडा केला आणि मसाला चुकला. वहीत भाजण्याची नोंद होती, पाकिटांची होती, पण मसाल्याचं प्रमाण ती हातानं घालायची, ते तिच्या डोक्यात. दोन दुकानांनी माल परत केला. मग आम्ही चार जणी तिच्या घरी गेलो. तिनं चहा केला, बसायला दिलं आणि एकच गोष्ट विचारली. "तुमच्या वहीत माह्यं नाव कुठी हाय?"

वहीत सगळं होतं. तारीख होती, हवा होती, चाखणाऱ्यांची नावं होती. सुचलं कोणाला, हा रकानाच नव्हता.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट आम्हाला त्या दिवसानंतर कोणीतरी सांगितली. नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. थोडीशी शेती, शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये 'पटेल-३' वाणाच्या धानात त्यांना पिवळसर दाण्यांच्या तीन वेगळ्या ओंब्या दिसल्या. एवढ्या मोठ्या शेतात तीन ओंब्या! दुसऱ्या कोणी कापणीत घालून टाकल्या असत्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, बी जपून ठेवलं, पुढच्या साली छोट्या तुकड्यात पेरलं, राखण केली, पुन्हा निवडलं, पुन्हा पेरलं. असं वर्षानुवर्षं. त्यातून बारीक दाण्याचा, चवीचा, चांगलं उत्पन्न देणारा वाण तयार झाला. तेव्हा मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं मानाचं होतं. बाजारात त्या तांदळाला 'एचएमटी' म्हणू लागले. म्हणजे बघा, वाण यांचा आणि नाव घड्याळाचं.

१९९४ मध्ये हे बियाणं कृषी विद्यापीठाकडे गेलं, त्यावर तिथे काम झालं आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' या नावानं वाण प्रसारित झाला. तो तांदूळ राज्याबाहेरही पसरला. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी खाल्ला आहे. दादाजींनी आणखीही वाण काढले. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. २०१० मध्ये फोर्ब्स मासिकानं त्यांचं नाव छापलं. पण ज्या तांदळावर इतक्यांनी पैसा कमावला त्यातलं त्यांच्या हाती फारसं आलं नाही. शेवटच्या आजारपणात उपचाराच्या पैशासाठी घरच्यांची ओढाताण झाली. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

त्यांचं काय चुकलं? आम्हाला तर काही चुकलेलं दिसत नाही. बघणं, जपणं, करून पाहणं, सगळं त्यांनी केलं. शेतकऱ्यानं काढलेल्या वाणाची नोंद शेतकऱ्याच्या नावावर करण्याचा कायदाच देशात २००१ मध्ये झाला. तोपर्यंत त्यांचं बी कधीच गावाबाहेर गेलं होतं. आता तो कायदा आहे, शेतकऱ्याला अशा नोंदणीची फीही लागत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे आजीच्या काळापासून राखलेलं वेगळं वालाचं, दोडक्याचं, ज्वारीचं बी असेल तर कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण बी राखणाऱ्या बहुतेक बायाच असतात.

दादाजींची गोष्ट ऐकून झाल्यावर बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही. त्यांच्या बाबतीत झालं ते मोठ्या जगात झालं, आमच्या बाबतीत आमच्या सतरंजीवर. अध्यक्षबाईंनी धाकटीच्या घरी जाऊन, तिच्या सासूसमोर, चूक झाली म्हणून सांगितलं. हे सोपं नव्हतं, त्या तिच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठ्या आहेत. वहीत नवा रकाना आला, 'कोणाला सुचलं'. जुन्या पानांवरही मागे जाऊन लाल पेनानं नावं भरली. मिठात भाजण्यासमोर मावशीचं आणि तिच्या सासूबाईंचं नाव लिहिलं, त्या आता नाहीत तरी. आणि ठरलं की नवीन मालाच्या पहिल्या वर्षीच्या नफ्यातला ठरलेला भाग सुचणारीला वेगळा द्यायचा, मग माल गटाचा. किती भाग, ते प्रत्येक गटानं आपलं ठरवावं. पण माल विकायला काढायच्या आधी ठरवावं. पैसा आल्यावर ठरवायला बसलं की भांडण लागलंच म्हणून समजा.

धाकटी आली. मसाल्याचं प्रमाण तिनं लिहून दिलं, पण वेगळ्या कागदावर. तो कागद पेटीत असतो आणि पेटीच्या किल्ल्या बचतीच्या पेटीसारख्या वेगवेगळ्या जणींकडे.

काय लिहून सगळ्यांना दाखवायचं आणि काय पेटीत ठेवायचं, याचा विचार आम्ही आधी कधी केला नव्हता. लिहिण्याचा उपयोग किती, यासाठी हळदीची गोष्ट ऐका. जखमेवर हळद लावायची हे तुम्हाला कोणी शिकवलं? कोणी नाही, आईनं लावली म्हणून माहीत. तर १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीनं जखम भरण्याच्या उपयोगाचं पेटंट दिलं गेलं. म्हणजे ही नवीन गोष्ट आम्ही शोधली आणि तिचा हक्क आमचा, असा कागद. आपल्या सीएसआयआर या संस्थेनं, डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा तिचे प्रमुख होते, त्याला आव्हान दिलं. पण तिथे 'आमच्या आज्या लावायच्या' म्हणून भागत नाही. छापील पुरावा लागतो. जुने संस्कृत ग्रंथ दाखवले, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या मासिकातला १९५३ चा लेख दाखवला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. कोट्यवधी बायांना जे तोंडपाठ होतं ते कुठेतरी लिहिलेलं होतं म्हणून वाचलं. पुढे सरकारनं असं पारंपरिक ज्ञान एका जागी नोंदवून ठेवण्याचं काम हाती घेतलं.

म्हणून जे सगळ्यांचं आहे ते उघड लिहावं. धापोडे कसे थापायचे, मिठात कसे भाजायचे, हे आम्ही आज रेडिओवर सांगितलंच. त्यावर आमचा हक्क नाही. मसाल्याचं प्रमाण मात्र धाकटीनं बसवलेलं आहे, ते पेटीत.

हे ठरलं आणि महिन्याभरात परीक्षा आली. एक व्यापारी आले, गाव सांगत नाही. म्हणाले, दर महिन्याला मोठी ऑर्डर देतो, पण पांढऱ्या पाकिटात द्या, तुमचं नाव नको. आणि मसाल्याचं प्रमाण लिहून द्या, म्हणजे सणासुदीला माल कमी पडला तर मी तिकडेच बनवून घेईन. ऑर्डरचा आकडा ऐकून आमच्यातल्या अर्ध्या जणींचं मन गेलं होतं. खोटं कशाला बोलायचं, बँकेचे हप्ते होते. त्या बैठकीत मावशी म्हणाली, "एकडाव सांगतलं की तो कायले येईन आपल्या दारी?" त्या वाक्यावर मतं फिरली. आम्ही सांगितलं, पांढऱ्या पाकिटात देऊ, पण प्रमाण नाही आणि किमान निम्मा माल आमच्या नावानं घ्यावा. ते गेले आणि परत आले नाहीत. तो महिना अवघड गेला. त्या वेळी आमचा निर्णय बरोबर होता की नाही, असं एकमेकींना विचारायचो.

दुसरी परीक्षा घरातलीच होती. आमच्यातल्या एकीची बहीण शेजारच्या तालुक्यात दिली आहे. तिच्या गटानं चिवडा चाखला आणि तसाच करायला घेतला. आमच्यात लगेच दोन तट. एक तट म्हणाला, चोरी आहे. दुसरा म्हणाला, बहीण आहे. तेव्हा लिज्जतचं पीठ आठवलं. आम्ही मसाला एका जागी तयार करून त्यांना तोलून देतो, किंमत घेतो. धापोडे त्या थापतात, तुकडे त्या भाजतात, माल त्यांच्या तालुक्यात त्या विकतात. आम्हाला एवढ्या लांब पोचणं झालंच नसतं आणि त्यांना मसाला बसवायला वर्ष लागलं असतं. त्यांनी एक गोष्ट आम्हाला शिकवली. डाळ्याऐवजी भाजलेलं सोयाबीन. आमच्याकडे घरोघरी सोयाबीन असून आम्हाला सुचलं नव्हतं. वहीत त्या बहिणीचं नाव लिहिलं आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत असतील, ज्यांना बीजमाता म्हणतात, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडून बियाणं नेलं की दुप्पट परत करायचं, अशी रीत आहे. बी वाटलं जातं आणि वाढतंही. सगळं कुलुपात ठेवलं तर ज्ञान म्हातारं होतं, मावशीच्या सासूबाईंच्या मिठासारखं चाळीस वर्षं पडून राहतं. पण नियमानं वाटलं तर परत येतं, हे आम्ही सोयाबीनवरून शिकलो.

आता एकमत नाही ती गोष्ट. पाकिटावर अन्न सुरक्षेचा चौदा आकडी नंबर आम्ही घेतला आहे, त्याशिवाय विकूच नका. पत्ता, वजन, किंमत, तारीख, घटक, सगळं छापतो. पण चिवड्याचं नाव अजून नोंदवलेलं नाही. ट्रेडमार्कला लहान उद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षं चालते, मग पुन्हा नूतनीकरण करता येतं. आमच्यातल्या सहा जणी म्हणतात, आत्ताच करा, उद्या दुसऱ्यानं नोंदवलं तर आपल्याच नावासाठी भांडत बसावं लागेल. पाच जणी म्हणतात, दोन तालुक्यांपुरता धंदा, एवढ्या पैशात ज्वारी येते, पुढच्या दिवाळीनंतर बघू. धाकटी नोंदवा म्हणणाऱ्यांत आहे आणि अध्यक्षबाई थांबा म्हणणाऱ्यांत. यावेळी मात्र दोघी बैठकीतच भांडतात, घरी जाऊन बसत नाहीत. तुमच्या गटानं नाव नोंदवलं असेल तर रेडिओच्या पत्त्यावर अनुभव कळवा. आम्हाला खरंच पाहिजे आहे.

एवढ्यात पावसाळा लागेल. ज्वारी वाळवण्याची पंचाईत दरवर्षीचीच. यंदा हॉटेलच्या मागच्या खोलीत धापोड्यांची कापडं दोरीवर टांगून खाली शेगडी ठेवून पाहणार आहोत, खाटेऐवजी. धूर लागू नये म्हणून काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. मावशी म्हणते पत्रा आडवा लावा, धाकटी म्हणते पंखा. आधी पत्रा, मग पंखा, दोन्ही एकदम नाही. वहीचं पान आखून ठेवलं आहे.